गाण्याने गणित सुधारत नाही, तरीही

गाण्याच्या वर्गाबाहेर पालक ताटकळत बसलेले असतात, तिथे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. नव्या मुलाचं नाव घालायला आलेली आई किंवा वडील बाईंना जरा चाचरत विचारतात, "याने अभ्यासात फरक पडतो ना? एकाग्रता वाढते म्हणतात. गणितालाही मदत होते म्हणे." बाई हसून "हो, हो" म्हणतात. नाही म्हटलं तर मूल आल्या पावली परत जायचं. मी मुलीला घेऊन गेलो तेव्हा माझ्याही जिभेवर हाच प्रश्न होता. पुढे या विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो आणि माझं मत झालं की या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतांशी 'नाही' असं आहे. तरीही प्रत्येक मुलाला शाळेच्या वेळात, शाळेच्या वेळापत्रकात संगीत मिळालंच पाहिजे, असं मला वाटतं.

गाणं ऐकून मुलं हुशार होतात या समजुतीचा जन्म चक्क सालासकट सांगता येतो. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. त्यांनी कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना पाश्चात्य संगीतकार मोत्झार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना १० मिनिटं ऐकवली आणि लगेच काही कोडी घातली: घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारची. नुसतं शांत बसल्यानंतर सोडवलेल्या कोड्यांपेक्षा ही कोडी बरी सुटली. परिणाम टिकला १०-१५ मिनिटं. या प्रयोगात लहान मुलं नव्हती, कोणी काही शिकत नव्हतं आणि कोणाची बुद्धी कायमची वाढल्याचा दावाही नव्हता. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका पोचवायला अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की मोत्झार्टऐवजी गोष्ट ऐकवली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडते त्यांची कोडी गोष्टीनंतर बरी सुटतात. मन ताजंतवानं असलं की डोकं बरं चालतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तोवर 'बाळासाठी मोत्झार्ट' बाजारात पोचलेला होता.

ऐकणं वेगळं आणि शिकणं वेगळं, हे मान्य. मग शिकण्याचं काय? ग्लेन शेलनबर्ग यांनी कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकून चार गट केले. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गाणं, तिसऱ्याला नाटक, आणि चौथ्याला त्या वर्षी काहीच नाही. ३६ आठवडे वर्ग चालले. २००४ मध्ये निष्कर्ष आले: संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ७ ने वाढला, बाकीच्यांचा ४.३ ने. (शाळेत जायला लागल्यावर तो सगळ्यांचाच थोडा वाढतो.) फरक तीनेक गुणांचा, पण प्रयोग नेटका होता म्हणून गाजला. त्याच प्रयोगात नाटक शिकलेल्या मुलांचं इतरांशी वागणं सुधारलेलं आढळलं, संगीतवाल्यांचं नाही. नाटकाच्या वर्गांनी याची जाहिरात केली नाही, हा त्यांचा साधेपणा की आळस, कोण जाणे.

पुढे असे प्रयोग साठत गेले आणि चित्र फिकं पडलं. २०२० मध्ये साला आणि गोबे या दोन संशोधकांनी ५४ अभ्यास आणि जवळपास ७,००० मुलांची आकडेवारी एकत्र मांडली. जिथे मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली होती आणि तुलनेच्या गटालाही रिकामं न ठेवता दुसरं काहीतरी शिकवलं होतं, तिथे बुद्धीवरचा किंवा अभ्यासावरचा फायदा शून्याच्या आसपास आला. मग गाणं शिकणारी मुलं वर्गात पुढे का दिसतात? बहुतेक वेळा ती आधीपासूनच पुढे असतात. ज्या घरात मुलाला वर्गाला सोडायला-आणायला माणूस आहे, रियाजाला जागा आहे आणि 'बसलास का रे पेटीवर?' असं विचारणारं कोणी आहे, त्याच घरात गृहपाठही तपासला जातो. श्रेय मात्र पेटीला मिळतं.

काही संगीतप्रेमी मंडळी एवढं वाचून माझ्यावर चिडतील. कशाला असलं खोदत बसायचं, लोक गैरसमजापोटी का होईना, मुलांना गाणं शिकवताहेत ना? मला हा युक्तिवाद घातक वाटतो. संगीताला गणिताचं हमाल केलं की एक दिवस कोणीतरी विचारणार: गणितच सुधारायचंय ना, मग हा तास सरळ गणितालाच का देऊ नये? आणि त्याचं म्हणणं बिनतोड असेल. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून सगळ्यात आधी संगीताचा तास उचलला जातो, त्यामागे हाच हिशेब असतो. भूगोलाने आवाज गोड होतो का, असं भूगोलाला कोणी विचारत नाही. त्याला स्वतःचं काम आहे हे गृहीत असतं. संगीताचंही स्वतःचं काम आहे.

ते काम कानापासून सुरू होतं. संगीताचा परिणाम जिथे खरोखर दिसतो, ती जागा गणिताच्या वहीपासून लांब आणि बोलण्याच्या जवळ आहे. 'पाट' आणि 'पाठ', 'बाग' आणि 'भाग', 'दर' आणि 'धर' यांतला फरक एका श्वासाचा असतो आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात घडतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाला आधी हा फरक कानाने पकडावा लागतो. अक्षर त्यानंतर येतं. २०११ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या एका गटाला २० आठवडे रोज १० मिनिटं गाणं, ताल, ठेका असं शिकवलं; दुसऱ्याला शब्दांतले ध्वनी ओळखण्याचे खेळ दिले; तिसऱ्याला नुसते मैदानी खेळ. शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकण्यात संगीताचा गट ध्वनीच्या खेळांच्या गटाइतकाच पुढे गेला, मैदानावरचा नाही. मेंदू-संशोधक नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांमधल्या, मोफत संगीतवर्गात येणाऱ्या मुलांचा मेंदू बोलण्याचे आवाज कसे टिपतो हे मोजलं. एका वर्षाने काहीच फरक नव्हता. दोन वर्षांनी होता. २०१४ च्या त्या निष्कर्षातला दोन वर्षांचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा.

मेंदूची रंगीत चित्रं दाखवून केलेल्या दाव्यांपासून मात्र थोडं सांभाळून राहावं. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांनी जास्त जागा व्यापलेली असते, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ती आणखी जास्त, हे १९९५ मध्येच दिसलं होतं. खरंच आहे ते. पण मन लावून बरीच वर्षं केलेल्या कुठल्याही गोष्टीची खूण मेंदूत उमटते. 'मेंदू बदलतो' म्हणजे 'मूल हुशार होतं' असं नव्हे. म्हणजे मूल काहीतरी शिकलं, इतकंच.

आता मी पाहिलेलं सांगतो. मुलगी आठ वर्षांची होती. पेटीवर तिचा एक साधा अलंकार चालला होता: सारेग, रेगम, गमप करत वर जायचं आणि सांनीध, नीधप, धपम करत खाली यायचं. वर जाताना झोकात जायची. खाली येताना 'पमग'ला अडखळायची, कारण तिथे 'म'वरच्या अंगठ्याच्या वरून मधलं बोट पलीकडे 'ग'वर न्यायचं असतं आणि ते बोट ऐन वेळी भलत्याच पट्टीवर पडायचं. अडखळली की ती थांबायची, उसासा टाकायची आणि पुन्हा सारेगपासून सुरू करायची. दहा वेळा. वर जाणं घोटून घोटून चकचकीत झालं आणि 'पमग' तसंच राहिलं. घरी बसून मला काही कळेना. मी आपला "अजून एकदा, अजून एकदा" म्हणत होतो.

बाईंनी दोन मिनिटांत ओळखलं. "अगं, सारेग येतंय ना तुला? मग तेच काय वाजवत बसलीस? वर जाऊच नकोस. धपम, पमग. सहाच सूर. आणि इतकं हळू की कंटाळा आला पाहिजे." कंटाळा आलाच. रडूही आलं. हळू वाजवणं म्हणजे शिक्षा वाटते मुलांना. तिसऱ्या दिवशी बोट कुठे चुकतंय ते तिचं तिलाच दिसलं: अंगठा वेळेआधीच उचलला जात होता. चौथ्या दिवशी सुटलं. मग ते सहा सूर मागच्या-पुढच्या सुरांना जोडायचे होते, तेव्हा पुन्हा बिघडलं, कारण वेगात येताना अंगठा जुन्या सवयीवर गेला. परत हळू. असं करत आठवडा गेला.

या आठवड्यात तिने जे केलं ते शाळेच्या कुठल्या तासाला करायला मिळतं, असा मी विचार करत होतो. गणिताची चूक लाल शाईत परत येते, तीही दुसऱ्या दिवशी, तोवर मूल ते उदाहरण विसरलेलं असतं. वाद्यावरची चूक त्याच क्षणी कानावर पडते. ती लपवता येत नाही, शेजारच्याची बघून दुरुस्त करता येत नाही, आणि तिच्याबद्दल कोणी रागावण्याचीही गरज नसते. चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचं, तेवढाच तुकडा काढायचा, संथ करायचा आणि परत जागेवर बसवायचा, ही रीत मोठी माणसंसुद्धा क्वचित वापरतात. बहुतेक जण आयुष्यभर 'सारेग'पासूनच सुरू करतात. यामुळे मुलीचं बाकीचंही सुधारलं, असं लिहायचा मोह होतो खरा. तसं काही झालं नाही. शुद्धलेखनात ती ठरलेल्या चुका ठरल्याप्रमाणे करत राहिली. पेटीवरची रीत वहीवर आपोआप उतरत नाही. कोणीतरी ती उतरवून दाखवावी लागते. पण रीत म्हणून काही असते, हे तिला आठव्या वर्षी बोटांनी कळलं. मला चाळिशीत वाचून कळलं.

आणि हे झालं एकट्याने करायचं. संगीताची खरी जादू चारजण जमल्यावर दिसते. बाई लहान मुलांच्या वर्गात एक खेळ घेत. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायच्या, एक आवर्तन मोठ्याने. मग पुढचं आवर्तन मनात, ओठ बंद, हात मांडीवर. आणि समेला, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर येताना, सगळ्यांनी एकच टाळी द्यायची. पहिल्या दिवशी वीस मुलांच्या टाळ्या लाह्यांसारख्या फुटल्या. मुलांची लय चढतेच, त्यातही धिटुकल्यांची जास्त. मुलं खो-खो हसली. "कोण बरोबर होतं?" एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "कोणीच नाही. टाळी एक झाली की सगळे बरोबर." दोन-तीन महिन्यांनी मी दाराशी उभा होतो तेव्हा वर्गात पूर्ण शांतता होती, नंतर एकच टाळी पडली, आणि मुलं एकमेकांकडे बघून अशी हसली की जणू भिंतीपलीकडचं काहीतरी सगळ्यांना एकदम दिसलं असावं. त्या शांततेत घाई करणाऱ्याला थांबावं लागतं आणि रेंगाळणाऱ्याला सावरावं लागतं, आणि दोघांनाही एकमेकांचा अंदाज घ्यावा लागतो. शर्यतीत पुढे जाणारा जिंकतो. इथे पुढे गेलेला चुकतो.

याचं मोजमाप करायचेही प्रयत्न झाले आहेत. चौदा महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन गाण्याच्या तालावर झुलवलं, आणि समोरची व्यक्ती त्याच लयीत झुलत असली, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त वेळा पुढे आली. लय जुळत नव्हती तेव्हा कमी वेळा. चार वर्षांच्या मुलांवर २०१० मध्ये असाच प्रयोग झाला: एकत्र गाऊन-नाचून खेळलेली मुलं तोच खेळ गाण्याशिवाय खेळलेल्या मुलांपेक्षा एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. हे परिणाम त्या घटकेचे आहेत, जन्मभराचे नाहीत. पण आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं, वर्गातल्या सगळ्या मुलांना अशी घटका मिळाली तर तिची काही किंमत असेलच की नाही?

सगळ्या मुलांना, हे शब्द मी मुद्दाम वापरले. व्हेनेझुएलात होसे अंतोनिओ अब्रेऊ यांनी १९७५ मध्ये वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली आणि ती पुढे 'एल सिस्तेमा' या नावाने जगभर पोचली. गरीब मुलांच्या हाती व्हायोलिन, फुकट शिकवणी, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर वाजवणं. या उपक्रमाची मोठी पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: १६ केंद्रं, ६ ते १४ वर्षांची २,९१४ मुलं, काहींना चिठ्ठ्यांनी लगेच प्रवेश आणि काहींना वर्षभराने. बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मुलांचा स्वतःवरचा ताबा मात्र थोडा वाढला. वागण्यातल्या तक्रारी घटल्या, आणि त्या विशेष घटल्या आजूबाजूला हिंसा पाहिलेल्या मुलग्यांच्या. इथवर सगळं माझ्या म्हणण्याला पूरक आहे. पण त्याच पाहणीत एक अडचणीची गोष्टही निघाली. उपक्रम गरिबांसाठी, तरी प्रवेशाला आलेल्यांत गरीब मुलांचं प्रमाण ती राहत त्या राज्यांतल्या एकूण प्रमाणापेक्षा बरंच कमी होतं. दार उघडं होतं, फी नव्हती, तरीही. संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळणारं मूल, दुकानावर बसणारं मूल, ज्याला न्यायला-आणायला कोणी नाही ते मूल फुकट वर्गालाही पोचत नाही. ते पोचतं शाळेत. म्हणून माझा आग्रह शाळेच्या वेळाचा आहे. शाळा सुटल्यानंतरचा ऐच्छिक वर्ग, छंदवर्ग, 'ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी' असली सोय आवड असलेल्या मुलांपर्यंत पोचत नाही, तर आवड असलेल्या पालकांच्या मुलांपर्यंत पोचते.

शाळेत आणायचं म्हणजे मग परीक्षा आली, गुण आले, असं होऊ नये एवढी काळजी घ्यावी लागेल. आठवड्याला दोन तास, सलग काही वर्षं, आणि सुरुवातीला वाद्यंसुद्धा नकोत; आवाज आणि हात पुरतात. खर्चाची सबब सांगणाऱ्यांना हेच उत्तर आहे. खरी अडचण शिक्षकांची. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने सूर कसे ऐकायचे, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ताल साठजणांना शिकवता येतो, सूर वीसच्या पुढे कठीण होतो, असं बाई म्हणत. निदान तालापासून सुरुवात करायला कोणाची हरकत असू नये.

'आमच्या मुलाला गळाच नाही', 'तो बेसूर आहे', असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली: २००९ च्या एका अभ्यासात झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवला आणि मधेच मुख्य ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूने त्याची नोंद घेतली. जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या जिवाला ठेका चुकल्याचं कळतं. दुसरी: सूर खरोखरच कळत नाहीत अशी जन्मजात अडचण शंभरात एका-दोघांना असते. बेसूर म्हणून बाजूला काढलेली बाकीची मुलं सूर ओळखतात, फक्त गळ्याला तो कसा लावायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

बाईंकडे असा एक मुलगा आला होता. बाईंचा 'सा' एकीकडे आणि याचा चार पायऱ्या खाली. बाईंनी त्याला वर ओढलं नाही. स्वतःचा 'सा' खाली आणला आणि त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला. मुलगा दचकून थांबला. दोन आवाज एक झाले की छातीत काय होतं, ते त्याला पहिल्यांदा जाणवलं असावं. "हां, हेच. आता माझ्याबरोबर थोडं वर ये," असं म्हणत त्या एकेक सूर चढत गेल्या. वर्ष लागलं. आता तो गायक वगैरे झालेला नाही, होणारही नाही. सगळ्यांबरोबर गातो, इतकंच.

मी शाळेत होतो तेव्हा वार्षिक कार्यक्रमाच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं केलं होतं. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगण्यात आलं, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." सांगणारं माणूस प्रेमळ होतं, म्हणून ते आणखीनच खरं वाटलं. मी मन लावून ओठ हलवले. कार्यक्रम छान झाला.

परवा मुलीच्या वर्गात पालकांनाही मुलांबरोबर गायला बसवलं होतं. दोन ओळी झाल्या आणि ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "बाबा, तुझा आवाजच येत नाहीये."